शुक्रवारी चालू राहिलेले कपॅसिटर

मानपाड्याच्या कंपनीत मी मेंटेनन्सला होते. शेडभर मोटरी. मोटरीला फिरायला आधी चुंबकत्व लागतं, त्यासाठी ती लाइनमधून जादा करंट ओढते. तो करंट काम काही करत नाही, नुसत्या येरझारा घालतो. मग पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला कामी येणारा वाटा, पडतो आणि बिलात दंड लागतो. यातला दंड तेवढा आमच्या मालकांना कळायचा.

मी म्हटलं, "सर, मोठ्या मोटरींच्या स्टार्टरलाच कपॅसिटर जोडू. मोटर चालू तर तो चालू, मोटर बंद तर तोही बंद. तिला लागणारा करंट जागच्या जागी मिळेल."

"बघू," म्हणाले, आणि घोडबंदर रोडवरून एक सल्लागार आणला. त्याच्या बुटांना ऑइल लागू नये म्हणून आम्ही शेडमध्ये पुठ्ठे अंथरले, पण तो केबिनच्या बाहेर पडलाच नाही. कॉफी पिता पिता त्याने मेन पॅनलवर कपॅसिटरची अख्खी रांग सुचवली. कायम चालू.

"आणि सुट्टीला मोटरी बंद असतात तेव्हा?" मी विचारलं.

तो मालकांकडे बघून म्हणाला, "मॅडमना थिअरीची आवड दिसते." दोघंही हसले. 

नव्या पॅनलला हार घातला, नारळ फोडला. आमची सुट्टी शुक्रवारी. मोटरी बंद, कपॅसिटर चालूच. व्होल्टेज चढून दोन कपॅसिटर फुगले. बिलातला दंड तर तसाच राहिला, फक्त कारण बदललं: आधी पॉवर फॅक्टर मागे पडत होता, आता पुढे पळत होता. म्हणजे येरझारा घालणारा करंट आता मोटरींचा नव्हता, कपॅसिटरचा होता.

सल्लागार फोन उचलेना. मालकांनी मला बोलावलं. "तुम्हाला कळत होतं, तर जोर का नाही दिलात?"

"दिला होता, सर. तुम्ही हसत होतात."

त्यांनी पेपरवेट बाजूला सरकवला. मग म्हणाले, "करा तुमच्या पद्धतीने."

वायरमनकाका आणि मी दोन दिवस खपलो. चांगले कपॅसिटर काढून एकेका स्टार्टरला जोडले. पुढच्या बिलात दंड नव्हता.

कंपनीच्या वर्धापनदिनी ऊर्जाबचतीचा सत्कार झाला. शाल मिळाली मालकांच्या भाच्याला. पॅनलची ऑर्डर त्याने दिली होती. मी टाळ्या वाजवल्या. काकांनी नाही. त्यांच्या हातात समोसा होता आणि तो त्यांना खाली ठेवावासा वाटला नाही.