एकशे अठरा ठोके

माझी आई मला वाढवण्याच्या कितीतरी आधी पेशी वाढवत होती, आणि त्या माझ्यापेक्षा कमी हट्टी होत्या असं अजून म्हणते. त्यांच्यापायी तिने सगळी हयात प्रयोगशाळेत काढली, लांबलांबून लोक तिच्याकडे शिकायला आले. आमच्या घरात मात्र एकच प्रयोग पुन्हा पुन्हा सांगितला जातो.

तिच्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या, स्नायूंच्या. वाहिनी आवळायची आणि सैल सोडायची, एवढंच त्यांचं काम. पण भिंतीला इजा झाली की त्या काम टाकून भराभर वाढत सुटतात, वाहिनी अरुंद होते आणि धडधाकट माणसाचं हृदय अडचणीत येतं. तिचे वडील असेच गेले. तेव्हापासून या कामचुकारांना पुन्हा कामाला लावायचं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

बशीत ठेवल्या की पेशी खाऊनपिऊन नुसत्या वाढत. आईचं म्हणणं, त्यांना नाडीचे ठोके जाणवत नाहीत म्हणून ही तऱ्हा. रबराच्या पडद्यावर ठेवून तो ठोक्यागणिक ताणला तर ताळ्यावर येतील. प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सर, यांनी तिला सहा महिने दिले. नाही जमलं तर हा नाद सोडायचा.

यंत्र बनवायला तळमजल्यावरचा मेकॅनिक आला. शिलाई मशीनची मोटर बसवून त्याने विचारलं, "वेग किती ठेवू, मॅडम?"

"आरामात बसलेल्या माणसाच्या नाडीइतका," आई म्हणाली आणि शेजारी उभी राहून पेशींचं पुराण सांगू लागली. त्याने स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली, घड्याळ पाहिलं आणि बटण फिरवलं.

पेशी पडद्यावरून सुटून तरंगायला लागल्या. दुसरी खेप गेली, तिसरीही गेली. आईच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी तिने यंत्राचे ठोके मोजले आणि तडक तळमजला गाठला.

"मिनिटाला एकशे अठरा? कुणाची नाडी घेतलीत?"

"माझी."

"आजारी होता का?"

"नाही हो." तो पान्हा पुसत राहिला. "एरवी बरी असते. तुम्ही शेजारी असलात की अशी करते."

आई वर निघाली आणि भलत्याच मजल्यावर पोहोचली. सत्तरचा आकडा तिला तोंडपाठ होता. तो सांगायचा राहिला कसा, हे विचारलं की ती अजून विषय बदलते.

चौथ्या खेपेला वेग घड्याळावर लावला. तिने वाहिनी आवळायला लावणाऱ्या औषधाचा थेंब टाकला, सूक्ष्मदर्शकात डोकावली, तर पेशी शहाण्यासारख्या आक्रसल्या. ती नाचली म्हणतात. ती म्हणते, पायाला मुंग्या आल्या होत्या.

पण भरल्या बैठकीत सर अडून बसले. "आधीच्या तीन खेपा का फुकट गेल्या? कारण कळल्याशिवाय या चौथीवर विश्वास कसा ठेवू?"

मेकॅनिक यंत्र दाखवायला आला होता. हत्यारांची पेटी घेऊन दाराशी उभा होता. चूक झाकणं आईच्या स्वभावातच नाही.

"वेग लावताना यांनी स्वतःची नाडी धरली. ती एकशे अठरा होती."

"का बरं?"

"यांच्या म्हणण्याप्रमाणे, मी जवळ होते म्हणून."

सगळे हसायचंही विसरले. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "काम पुढे चालू ठेवा. पण मग यांना यंत्राजवळ येऊ द्यायचं की नाही?"

"येऊ द्या," आई म्हणाली. "फक्त नाडी मोजायचं काम आम्हा दोघांपैकी कुणालाच देऊ नका."

दाराशी बाबांच्या हातून पेटी पडली.