धुतलेल्या हातोड्या

माझं डोकं तापट आहे हे अख्ख्या बदनापूरला ठाऊक आहे, लपवून काय करू! पण त्या खंडेनवमीला जसा भडकलो, तसा जन्मात भडकलो नव्हतो.

जालन्याच्या एका जिनिंगवाल्याच्या बंगल्यात माझी माय वर्षानुवर्षं कामाला होती. तिथं एक आपोआप वाजणारा पियानो होता. पायांनी भाता मारला की भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी फिरायची, पट्ट्या आपल्या आपण दबायच्या आणि आतल्या हातोड्या तारांवर पडायच्या. तो बंगला पाडून प्लॉट पाडले, तेव्हा वारसदार पियानो भंगारात घालायला निघाले. मी भांडून तो टेम्पोत घालून घरी आणला. बायको म्हणाली, आता आपण झोपायचं कुठं? ऐकतो कोण!

कारण मायचे कान चालले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, मशीन लावा नाहीतर काही करा, जे ऐकवायचंय ते लवकर ऐकवा. आणि बंगल्यात काम करताना मायच्या कानावर पडायची ती पियानोवरची एक चाल तिला पुन्हा ऐकायची होती. गुंडाळीही नेमकी तीच एक शाबूत होती.

मी आयटीआयात सुतारकाम शिकवून रिटायर झालेला माणूस. पियानो मला बापजन्मात ठाऊक नव्हता. व्हिडिओ बघून बघून शिकलो. हातोड्यांवरचा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर, कसरीनं खाल्लेला. तो खरवडून काढला, कोलकात्याहून नवा मागवला, सरसानं चिकटवला, एकेक हातोडी शिकंज्यात आवळली. कोणती कुठं बसते ते कळावं म्हणून दांडीवर स्केचपेननं आकडे टाकले. दसऱ्याला पियानो वाजवायचा, असं मायला सांगून ठेवलं होतं.

खंडेनवमीच्या सकाळी मी झेंडू आणायला गेल्तो. परत आलो तर माय गच्चीवर. चादरीवर माझा रंधा, पटाशा, करवत, सगळं धुऊन मांडलेलं, हळदकुंकू लावलेलं. शेजारी घमेल्यात, धुण्याच्या पावडरीच्या फेसात, माझ्या हातोड्या! सरस पाण्यात सुटतो. नमदे तरंगत होते आणि आकडे पुसून गेले होते.

तळपायाची आग मस्तकाला गेली. तोंडाला येईल ते बोललो. गल्ली गोळा झाली. बायको हात ओढत होती, तिलाही झिडकारलं. मायच्या कानात जाईल अशा बेतानं ओरडलो, "कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

माय घाबरली नाही. हात पदराला पुसत म्हणाली, "मालकीनबाई बी हेच म्हनायच्या. वरून फडकं मारू द्यायच्या, आत हात घालू द्यायच्या न्हाई. म्हन्लं आता आपल्या घरी आलाय, एकदा तरी आतून सोच्छ करावं."

मी खाली येऊन दार आपटून बसलो. त्या बाईचा राग आला, मायचा आला, स्वतःचा तर विचारूच नका. पण खरं सांगतो, मायवरचा राग काही त्यानं गेला नाही. नमदा परत मागवा, परत खरवडा, परत चिकटवा. कामाला बसलो की दातओठ खायचो. माय समोर बसून नमद्याच्या पट्ट्या हातात द्यायची आणि मी तिच्याशी धड बोलायचोही नाही. तिला एक गोष्ट दोनदा सांगावी लागायची, मग तीनदा, आणि प्रत्येक वेळी मी जास्तच चिडायचो.

संक्रांत झाल्यावर पियानो जुळला. मायला अगदी खेटून बसवलं आणि भाता मारला. पट्ट्या दबू लागल्या, चाल स्वच्छ उमटली. ती सगळी वरच्या बारीक सुरांत होती.

"जाड जाड आवाज येऊन राह्यलाय," माय म्हणाली. "वरचं नुसतं टकटक लाकूड वाजतंय. चाल कुठाय?"

मी भाता जोरात मारला. आणखी जोरात. पाय भरून आले. हातोड्या धुतल्या नसत्या, तर दसऱ्याला ऐकू आलं असतं का, हे डॉक्टरांना विचारायची माझी आजवर छाती झालेली नाही.

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं. "राहू दे बाबा," ती म्हणाली. "वाजवताना मालकीनबाई मधलं दार लावून घ्यायच्या. तरी मला तव्हा समदं ऐकू यायचं."