झाड फुललं म्हणून

सगळे त्याला कातरमामा म्हणत. मेंढ्यांची लोकर कातरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, हे त्याच्या थोरल्या बहिणीलाही, ताईलाही, मान्य होतं. पण हातापेक्षा त्याचं तोंड जास्त चालायचं.

कधी कातरायचं हे तो ठरवायचा. म्हणजे झाड ठरवायचं. मेंढवाड्यामागचं रानटी झाड पांढरं फुललं की थंडी संपली, असं त्यांचे वडील सांगत, आणि त्यांच्या काळात ते खरंही होतं. वडील गेले, उन्हाळे लांबले, झरा आटला, पाखरं भलत्याच वेळी येऊ लागली. मामाच्या मिशीचा पीळ तेवढा जागच्या जागी राहिला. दुकानाच्या पायरीवर बसून तो सांगायचा, "आपल्याला निसर्ग कळतो. शहरातल्यांना पंखा लावल्याशिवाय वारा कळत नाही."

त्या वर्षी ऐन थंडीत ऊन तापलं आणि झाड फुललं. मामा कात्रीला धार लावायला बसला.

"अरे, सकाळी हौदात हात घालवत नाही अजून," ताई म्हणाली. "झाडाला वेड लागलं, तुला काय झालंय?"

"बाबांपेक्षा तुला जास्त कळतं?"

"बाबा झाड बघायचे, मग स्वतः बाहेर झोपून थंडी बघायचे. तू अंथरुणातून झाड बघतोस."

मामाने तिच्या बोलण्याकडे कानाडोळा केला. घरच्या मेंढ्या कातरल्या, शेजाऱ्यांच्याही कातरल्या. आठवड्याच्या आत गारा कोसळल्या, मागोमाग बोचरा वारा सुटला. उघड्या अंगाच्या मेंढ्या एकमेकींना बिलगून कुडकुडू लागल्या. ताईने पोती टाकली, गोधड्या टाकल्या, मामाचा लग्नातला कोटसुद्धा टाकला. उजाडलं तेव्हा निम्मा कळप आडवा झाला होता.

मामाने काय करावं? कुऱ्हाड घेतली आणि झाड तोडलं.

"दगाबाज निघालं!"

"ऊब लागली, ते फुललं," ताई म्हणाली. "कातर म्हणून त्याने सांगितलं नव्हतं." आणि मेलेल्या मेंढ्या ओढायला ती एकटीच गेली. त्यातली एक तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेली होती.

पुढच्या वर्षी मामाला कुणी विचारलं नाही. थंडी कधी संपेल याची खात्री कुणालाच नव्हती. लोकांनी निम्म्या मेंढ्या आधी कातरल्या, निम्म्या नंतर. ताईनेही आपल्या वेगळ्या काढून तसंच केलं. मामा थांबला, सगळ्यांचं उरकेपर्यंत थांबला, आणि पायरीवर म्हणाला, "मी हेच सांगत होतो."

तोवर ऊन असं भडकलं होतं, की अंगभर लोकर घेऊन त्याच्या मेंढ्या धापा टाकत होत्या.

"ऊठ," ताई समोर येऊन म्हणाली. "भाषण नंतर कर. आधी त्यांच्या अंगावरचं उतरव."

मामा उठला. मेंढवाड्यापर्यंत जाताना उन्हाळ्याविषयी चार गोष्टी त्याने तिला समजावून सांगितल्याच.