सोम्या, खाली बस

सकाळी सासऱ्यांचा फोन आला, "सूनबाई, मामा गेले." मी विचारलं, "कुठल्या दवाखान्यात?" माझ्या मामाचं जाणं म्हणजे सुजलेला अंगठा घेऊन सुप्याच्या दवाखान्यात जाणं, एवढंच मला ठाऊक. त्यांनी पुन्हा सांगितलं, तेव्हा कळलं. झोपेतच गेला. त्याला आता दीडेक महिना झाला.

मामाला युरिक ॲसिडचा त्रास. उजवा अंगठा टोमॅटोसारखा फुगायचा, चादर लागली तरी शिव्या निघायच्या. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, म्हणून जाब मलाच. एकदा सांगितलं, "सांध्यात युरिक ॲसिडचे सुईसारखे खडे होतात. पांढऱ्या पेशी ते गिळतात. मग पेशीत काही प्रथिनं एकत्र जमतात, त्याला इन्फ्लमासोम म्हणतात. तो बोंब ठोकतो आणि सूज चढते."

"कोन सोम?"

"इन्फ्लमासोम. जंतू शिरले तरी तोच उठवतो सगळ्यांना. तो लागतोच."

"म्हंजे राखनदार हाय. पन चोर कोन आन खडा कोन, कळंना त्याला." त्या दिवसापासून अंगठा ठणकला की घरभर एकच, "ए सोम्या, खाली बस." मटण मात्र सोडलं नाही.

माझं लग्न ठरलं, तर सासऱ्यांचं नाव निघालं सोमनाथ. मामाला दहादा बजावलं, मांडवात सोम्याचं नाव काढायचं नाही. पण हळदीचं मटण नडलं आणि लग्नादिवशी अंगठा फुगला. वडील मी लहान असतानाच गेलेले. पाठीशी मामाच हवा, हा माझा हट्ट. आई म्हणाली, दुसरं कुणी उभं राहील. मामा भडकला, "मी काय मेलोय काय?" चपलेचा अंगठ्याकडचा भाग कापला आणि आला लंगडत. मंगलाष्टकं चालू असताना फोटोग्राफरनं नेमका त्याच अंगठ्यावर पाय दिला.

"सोम्या, खाली बस म्हनतो ना!"

समोर उभे असलेले सासरे मुकाट खाली बसले. त्यांच्यामागं अख्खं वऱ्हाड बसलं. भटजी थांबले. शेवटी अंतरपाटाआडून मीच सासरच्यांना इन्फ्लमासोम समजावला. सासरे हसून हसून फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसत म्हणाले, "मग उठू का, मामा?"

"तुमी उठा. त्यो बसंल."

तेव्हापासून सासरे मामाकडं गेले की दारातच विचारायचे, "बसू का?" मामा "बस सोम्या" म्हणेपर्यंत खुर्चीला टेकायचे नाहीत. दोघांचं ते वेड मला फार आवडायचं.

दहाव्याला आम्ही गेलो. ती कापलेली चप्पल दारातच होती. मामी कुणाला उचलू देत नाही. सासरे त्या चपलेकडं बघत थांबले. मामीनं खुर्ची पुढं केली, "बसा ना, पाव्हणं."

"बसतो की," ते म्हणाले... आणि उभेच राहिले.