आज शाळेला टाळं ठोकायला गेलो

मंडळी, सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या दुकानातून सुट्टी काढून मी विट्याजवळच्या आमच्या गावी आलोय. आज सकाळी गावकऱ्यांसोबत हायस्कूलला टाळं ठोकायला गेलो. दहावीची निम्मी पोरं गणितात नापास झालीत. माझी पुतणी सानिकाही त्यातच. सगळ्यांत मोठ्यानं घोषणा मीच देत होतो.

हेडमास्तर हात जोडून म्हणाले, "गणिताचे सर रिटायर झाले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. वर कळवून कळवून थकलो."

ऐकतंय कोण! मी फाटकाला कुलूप लावलं.

तेवढ्यात सानिका आणि तिच्या नापास मैत्रिणी वह्या घेऊन आल्या. पुरवणी परीक्षा तोंडावर आलीय.

म्हटलं, "जावा घरी. शाळा बंद हाय."

सानिका म्हणाली, "नाना, टाळं खुशाल ठोका. तेवढा फळा बाहेर काढून द्या."

मीच कुलूप काढलं. दोघांनी धरून फळा लिंबाखाली आणला.

"शिकवणार कोण गं?"

"कोण न्हाई. जिला जे येतंय, ती बाकीच्यांस्नी सांगती."

सानिकानं खडू घेतला. वर्गसमीकरण अर्ध्यात अडलं. तिनं वळून आमच्या घोळक्याकडं बघितलं. "नाना, ह्याच्या फुडं काय?"

घोषणा आमच्या सगळ्यांच्या तोंडपाठ होत्या. गणित एकालाही येत नव्हतं.

मास्तर मागायला उद्या तालुक्याला जाणारच आहोत. पण तोवर, तुमच्यापैकी कुणाला येतंय का? फळा अजून लिंबाखालीच हाय.