आण्णांच्या फटफटीची काडी कोरडी निघाली त्याची गोष्ट

आण्णांची फटफटी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे आणि घरात मानही तिला त्याच हिशेबानं मिळतो. मी बावन्न वर्षांचा, नेकनूरच्या शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस. पण तिची चावी कधी माझ्या हाती आली नव्हती. ती आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, करदोट्याला असायची. (आंघोळीलासुद्धा!)

गेल्या श्रावणात आण्णा गुडघ्याच्या इलाजासाठी परळीला, माझ्या बहिणीकडं निघाले. दसऱ्यापर्यंत मुक्काम. जाताना त्यांनी चावी सोडली आणि मला अंगणात उभं करून धडा दिला. गाडीचा ऑइल पंप म्हातारा झालाय. गाडी उभी राहिली की वरच्या टाकीतलं तेल त्यातून थेंब थेंब इंजिनाच्या खालच्या चेंबरमध्ये उतरतं. म्हणून दर रविवारी किक मारून दहा मिनिटं चालवायची, म्हणजे पंप ते तेल वर ओढून घेतो. लई दिवस उभी राहिली तर आधी खालचा बोल्ट उघडायचा, चेंबरमधलं तेल डब्यात काढायचं, गाळून वर टाकायचं, मगच किक.

"दसऱ्याला गाडी नीट दिसली, तर चावी तुझी," आण्णा म्हणाले.

बावन्नाव्या वर्षी माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या, हे कबूल करतो.

पहिल्या रविवारी मी किक मारली. किकनं उलटून माझी नडगी फोडली. त्यानंतर मी गाडीशी फक्त बाहेरून संबंध ठेवला. दर रविवारी फडकं घेऊन तिला अशी पुसायचो, की तिच्यात तोंड बघून दाढी करावी. बायको सुनंदा विचारायची, किक मारली का? मी म्हणायचो, हो तर. (तू बाजारात गेलतीस तेव्हा, असंही जोडायचो.)

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आण्णांचा फोन आला: सकाळच्या गाडीनं येतोय, पूजेची तयारी ठेव. मी तेलाच्या टाकीचं झाकण उघडून तेल बघायची काडी ओढली. काडी ठणठणीत कोरडी!

कुणी तेल काढून नेलं? शेजारचा चुलतभाऊ बबन! त्याच्या शेतातल्या इंजिनाला तेल लागतंच. मी तडक त्याच्या दारात गेलो आणि चार माणसांत विचारलं.

"कावून बे मास्तर, डोक्यावर पडला का?" बबन शांतपणे म्हणाला. "वैजनाथाची शपथ, मी तुझ्या गाडीला बोट लावलं न्हाई."

चोर शपथ घेणारच, असं म्हणत मी दुकानातून दोन लिटर तेल आणलं. सुनंदा दारातून म्हणाली, "आहो, आण्णांनी खालचा बोल्ट उघडायचं सांगितलं होतं ना?" मी तिला सांगितलं, की हा विज्ञानाचा विषय आहे, तू पुरणाकडं बघ. आणि दोन्ही लिटर वरून ओतले. काडी पुन्हा काठोकाठ ओली निघाली. माझं समाधान झालं.

दसऱ्याला आण्णा आले. कोरं पांढरं धोतर, काठी, फेटा. गाडीला झेंडूची माळ घातली, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू ठेवलं. सुनंदानं भोवती रांगोळी काढली होती. एवढ्यात बबनही आपट्याची पानं घेऊन आला. सणाचा दिवस, म्हणून आला बिचारा. आण्णा गाडीच्या मागं उभे राहिले आणि म्हणाले, मार किक.

किक दगडासारखी जड लागत होती. आठव्या किकला गाडी सुरू झाली. पहिल्यांदा धूर निघाला, इतका की बबन दिसेना. मग इंजिनातून मागं जाणारी रबरी नळी खोकली आणि तिच्यातून तेल सुटलं. रांगोळीवर, पूजेच्या ताटावर, बबनच्या हातातल्या पानांवर आणि आण्णांच्या धोतरावर, गुडघ्यापासून खाली. नेमका इलाज झालेला गुडघा!

आण्णांनी हात घालून इंजिन बंद केलं. काडी ओढली, बघितली.

"किती वतलंस?"

"दोन लिटर. काडी कोरडी होती, आण्णा."

"दर रविवारी चालवलीस?"

"दर रविवारी."

आण्णांनी काडी माझ्या फडक्याला पुसली. "चालवली असती तर काडी कोरडी निघाली नसती, मास्तर. तेल कुठं गेलं न्हवतं. खाली बसून तुझी वाट बघत होतं."

बबननं तेलकट पानं माझ्या हातात दिली आणि सोनं घ्या म्हणाला. मला तेव्हा खरोखर लाज वाटली.

मग बोल्ट उघडला, चेंबरमधलं तेल डब्यात काढलं. गाळून लागेल तेवढं वर टाकलं, तरी जवळजवळ दोन लिटर उरलंच. आण्णा म्हणाले, हे बबनच्या इंजिनाला दे. ज्या तेलाच्या चोरीचा आळ त्याच्यावर घेतला, ते मीच डोक्यावर घेऊन त्याच्या दारात गेलो. त्यानं डब्यात डोकावून विचारलं, "मोजून आणलंय ना? न्हाईतर उद्या परत यायचास."

परत आलो तर सुनंदानं दुसऱ्या किकला गाडी सुरू केली होती. आण्णांचा धडा तिनंही ऐकला होता; दारात उभं राहून, पण लक्ष देऊन. चावी आता तिच्याकडं असते. दर रविवारी ती आण्णांना मागं बसवून वेशीपर्यंत जाऊन येते.

आणि आल्यावर गाडी मी पुसतो. ते काम मास्तरला चांगलं जमतं, असं आण्णा पाहुण्यांना आवर्जून सांगतात.