दर दोन तासांनी कूस

या सदरातले अनुभव मी गेली तीन-चार वर्षं वाचते आहे. वडाचं झाड, पांढरी साडी, मागे वळून बघू नकोस... वाचते आणि हसते. असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आणि खरं सांगायचं तर, ख्रिस्ती असूनही चमत्कारांवरसुद्धा फारसा नव्हता. आमच्या चर्चमध्ये साक्ष द्यायची पद्धत आहे, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. कुणाची पोटातली गाठ गेली, कुणाला नोकरी लागली. मी मागच्या बाकावर बसून मनात म्हणायची, गाठ डॉक्टरने काढली, त्या बिचाऱ्याचं नाव कोण घेणार?

तर माझ्याकडेही एक साक्ष आहे. ती मी चर्चमध्ये कधीच दिली नाही, कारण ती द्यायची तर आधी एक कबुली द्यावी लागते आणि ते माझ्याने झालं नाही. इथे मला कोणी ओळखत नाही, म्हणून लिहिते. वय एकाहत्तर आहे, पाल्हाळ लागलं तर सांभाळून घ्या.

आम्ही बिबवेवाडीत राहतो... राहायचो म्हणायला हवं, आता मी एकटीच. दुसरा मजला, दोन खोल्या आणि किचन. मी एका शाळेत शिवण शिकवायची. माझे मिस्टर, शांतवन, एका कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि रविवारी चर्चमध्ये भजनांना तबला वाजवायचे. मूलबाळ नाही. फार सुखाचं चाललं होतं असं म्हणणार नाही, पण चाललं होतं. मग एका सकाळी दाढी करता करता हे मटकन खाली बसले, ते पुन्हा उभे राहिलेच नाहीत. अर्धांगवायू. उजवी बाजू पूर्ण गेली आणि वाचाही गेली. एकच शब्द उरला — 'बरं'. भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं. डावा हात तेवढा चालायचा. पडल्या पडल्या त्या हाताने कॉटच्या लोखंडी कडेवर डग्गा वाजवत राहायचे. मी नोकरी सोडली.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर अंगाला जखमा होतात. हॉस्पिटलमधून निघताना नर्सने हे एका वाक्यात सांगितलं. सांगायला एक वाक्य पुरतं, करायला लागलं की कळतं. ऐंशी किलोचा माणूस, आणि वळवणारी मी एकटी. चावीचं अलार्मचं घड्याळ होतं, ते दर वेळी पुढच्या दोन तासांवर लावायचं. दिवस नाही, रात्र नाही. पहिले सहा महिने मी प्रार्थना म्हणत कूस बदलायची. पुढे नुसतीच कूस बदलायला लागले. चर्चला जाणंही सुटलं, कारण यांच्याजवळ बसणार कोण?

दीड वर्षाने कमरेखाली जखम झालीच. डॉक्टर म्हणाले, "हाडापर्यंत गेली तर माझ्या हातात काही राहणार नाही. कूस चुकवू नका." असे बघत होते, जसं काही मी यांना टाकून बाहेर हुंदडायला जाते.

त्याच आठवड्यात आमचे पाळकसाहेब भेटायला आले. तरुण, चांगला माणूस. प्रार्थना केली, चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाले, "सुहासिनीबाई, दुःखामागेही देवाची काहीतरी योजना असते. आज दिसत नाही, पुढे दिसते."

मी म्हटलं, "असेल ना. त्या योजनेत कूस बदलायला एखादा माणूस बसतो का, तेवढं विचारून सांगा."

ते उठले. अर्धा चहा तसाच ठेवून गेले. मला त्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही, इतकी मी दमले होते.

आता कबुली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, दुपारी एक वाजता, मी यांना डाव्या कुशीवर केलं. घड्याळाला चावी दिली, अलार्मचा काटा तीनवर आणला... आणि अलार्मचं बटण दाबून बंद करून टाकलं. विसरून नाही, झोपेच्या भरातही नाही. मुद्दाम. डोक्यात अगदी स्वच्छ विचार होता — होऊ दे काय व्हायचं ते. एकदाचं संपू दे. दाराला आतून कडी लावली आणि आतल्या खोलीत फरशीवर आडवी झाले. मी माझ्या नवऱ्याला सोडून दिलं होतं. याला दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही.

जाग आली तेव्हा सहा वाजून गेले होते. पाच तास! पण उठवेना. बाहेरच्या खोलीत काय बघायला मिळेल याची भीती वाटत होती. मग कॉटच्या कडेवर टप... टप... असा डग्गा ऐकू आला, तेव्हा कुठे उठले.

हे उजव्या कुशीवर होते.

मी दारातच थांबले. स्वतःहून वळणं यांना शक्यच नव्हतं. पाठीला उशी होती, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी होती, तशी मीही ठेवायची. पण खालच्या पायाच्या पोटरीखाली एक गुंडाळी होती. टॉवेल आमचाच, जरा सैलसर गुंडाळलेला, म्हणून त्यावर कापडाच्या पट्टीचे दोन वेढे देऊन आवळलेला. वर सुरगाठ. तिचं एक टोक लांब, आणि ते दातात धरून ओढल्यासारखं चुरगळलेलं. त्या गुंडाळीमुळे टाच गादीला न टेकता अधांतरी राहिली होती. वाकून बघितलं तर टाचेवर लाल चट्टा! तिथे नवी जखम होऊ घातली होती आणि ती मला दिसलीच नव्हती. ज्याने कुणी गुंडाळी ठेवली, त्याला दिसली होती.

मी दाराकडे धावले. कडी आतून लावलेली, जशीच्या तशी.

पट्टीचं कापड चॉकलेटी, सुती, त्यावर पिवळी पानं. छपाई सरकलेली, म्हणजे प्रत्येक पानाचा रंग त्याच्या काळ्या रेघेबाहेर आलेला. लांब टोकाशी नखाएवढा इस्त्रीचा जळका डाग. असं कापड माझ्या घरात नव्हतं. मी शिवणाची बाई, घरातली चिंधी न् चिंधी मला पाठ असते.

मी यांना विचारलं, "अहो, कोण आलं होतं?"

"बरं," हे म्हणाले आणि डाव्या हाताचं बोट माझ्याकडे केलं.

"मी नाही हो. मी झोपले होते. दुसरं कोण आलं होतं?"

पुन्हा बोट माझ्याकडेच. तोंडाच्या चांगल्या बाजूने हसतसुद्धा होते. मला वाटलं यांना काही कळत नाहीये, पाणी हवं असेल. पाणी दिलं तर घेतलं नाही. माझा उजवा हात धरला, अंगठा चिमटीत घेतला आणि कितीतरी वेळ तो चाचपत राहिले. मागून पुढून, सांध्यावर दाबून. चेहऱ्यावर आश्चर्य... मला रडू फुटलं. मी मेल्यासारखी पडून राहिले होते, आणि हा माणूस माझा हात धरून हसतोय.

पुढची दोन वर्षं मी अधूनमधून विचारायची, "त्या दुपारी कोण होतं हो?" दर वेळी बोट माझ्याकडे. डॉक्टर म्हणाले, या आजारात समजण्यात गल्लत होते. मीही तेच धरून चालले. झोपेत चालत जाऊन मीच कूस बदलली असेल, असंही मनाला सांगून पाहिलं. पण मग पट्टी कुठून आली?

एक मात्र झालं. त्या संध्याकाळी मी अलार्म पुन्हा चालू केला आणि परत कधी बंद केला नाही. देवावर विश्वास वगैरे बसला असं नाही. पण कुणीतरी येऊन गेलं होतं. मी मागितलं ते टोमण्यात मागितलं होतं, तरी माणूस आला होता. तेवढ्यावर रेटलं. ती गुंडाळी सोडवून, पुन्हा बांधून शिकून घेतली. तीन महिन्यांत जखम भरली. डॉक्टरांनी विचारलं, "ही पद्धत तुम्हाला कुणी शिकवली?" काय सांगणार? पुढे हे न्यूमोनियाने गेले, पण गेले तेव्हा अंगावर एकही जखम नव्हती. ती पट्टी मी पेटीत त्यांच्या पायाशी ठेवली. हेही मुद्दाम लिहिते आहे — पट्टी त्यांच्याबरोबर मातीत गेली.

नंतर चर्चच्या महिला मंडळातल्या एकीची सासू आजारी पडली, तिला गुंडाळी दाखवायला गेले. मग तिच्या शेजारणीकडे. असं करत करत तेच काम झालं. दुपारी दोन ते पाच कुणाच्या तरी घरी जायचं, पेशंटजवळ बसायचं आणि घरच्या बाईला झोपायला लावायचं. एवढंच. उपदेश नाही, पत्रकं नाही. मी बरंच सोसलं, पण त्यातली एकच गोष्ट दुसऱ्याच्या कामाची होती, ती देत फिरते. दमायला होतं, पण पूर्वीसारखं नाही.

मध्यंतरी मार्केट यार्डापाशी रिक्षातून उतरताना पडले आणि उजवा अंगठा मोडला. हाड जुळलं, पण वाकडं. तेव्हापासून टॉवेल घट्ट गुंडाळता येत नाही. म्हणून जुन्या साडीची पट्टी घ्यायची, दोन वेढे द्यायचे, सुरगाठ मारायची. अंगठ्यात जोर नाही, मग टोक दातात धरून ओढायचं.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं, खरंच नाही. रोजच्या कामात आपल्या हातांकडे कोण बघतं?

गेल्या वर्षी शबानाचा फोन आला. माझी शाळेतली विद्यार्थिनी, जवळच अप्पर भागात राहते. तिच्या सासूबाई, तिच्या अम्मी, आठ महिने अंथरुणाला खिळलेल्या. दुपारी गेले तर दारातच उभी. डोळे सुजलेले.

"बाई, आज मी मोबाईलचा अलार्म बंद करून ठेवला," ती म्हणाली. "विसरून नाही. मुद्दाम. मग एकदम घाबरले आणि तुम्हाला फोन केला. अम्मी आहेत हो माझ्या... मी असं कसं केलं?"

इतक्या वर्षांत जे मी पाळकांना सांगितलं नाही, बहिणीला सांगितलं नाही, ते तिच्या दारात चप्पल काढता काढता सांगून टाकलं. "मीही केला होता," मी म्हटलं. "पाच तास. तू निदान फोन तरी केलास. जा, झोप आता. मी आहे इथे."

ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली आणि आत जाऊन झोपली.

घाईत माझी पट्ट्यांची पिशवी घरीच राहिली होती. कॉटखाली जुन्या कपड्यांचं बोचकं होतं, त्यातली वर आली ती ओढणी घेतली आणि काठाजवळून टर्रकन पट्टी फाडली. अम्मींना वळवलं, उशा लावल्या. टॉवेल गुंडाळला, दोन वेढे दिले, सुरगाठ मारली, टोक दातात धरून ओढलं. आणि गुंडाळी पोटरीखाली सरकवताना पाहिलं.

चॉकलेटी कापड. रेघेबाहेर गेलेली पिवळी पानं. लांब टोक नुकतंच माझ्या दातांनी चुरगळलेलं, आणि तिथे नखाएवढा जळका डाग.

मी तिथेच खाली फरशीवर बसले. अम्मी माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

पाच वाजता शबाना उठली. मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "ही ओढणी किती जुनी गं? तुझ्या आईची वगैरे आहे का?"

"नाही बाई, मागच्या ईदला घेतली. गेल्याच महिन्यात इस्त्रीने जाळली, म्हणून टाकली बोचक्यात. का?"

"काही नाही. कापड चांगलं आहे."

यावर माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. पाळकसाहेब आता दुसऱ्या गावी असतात, नाहीतर त्यांना बोलावून पूर्ण कप चहा पाजला असता. देवाला त्या दुपारी दुसरं कुणी मिळालं नाही, म्हणून त्याने मलाच पाठवलं, सगळं सोसून झालेल्या मला... असं म्हणावंसं वाटतं खरं. पण त्या दुपारी यांच्या कॉटपाशी गेल्याचं मला काही आठवत नाही. पुढे कधी तिथे जायची असेन तर तेही माहीत नाही. कोणी शहाण्याने समजावून सांगितलं तर ऐकून घेईन.

मला आठवतो तो यांचा हात. माझा अंगठा धरून हे चाचपत होते, कारण दुपारी तो वाकडा होता आणि संध्याकाळी सरळ. कोण आलं होतं असं मी दोन वर्षं विचारत राहिले, हे दोन वर्षं खरं तेच सांगत राहिले... आणि मी आपली दर वेळी यांना पाणी पाजत राहिले.